शून्य लिटरचा उतार

चाकणहून भरलेला कंटेनर घेऊन न्हावा शेव्याला निघालेला चाळीस टनी ट्रेलर लोणावळा ओलांडून घाटाला लागला, की मालकाच्या ऑफिसातल्या पडद्यावर इंधनाचा आकडा घसरू लागतो. तासाला ३० लिटर, मग १२, मग ४, आणि मग ०. दशांश चिन्हाच्या पुढेही शून्यच. इंजिन चालू आहे, फेऱ्यांचा काटा अठराशेच्या आसपास आहे, गाडी ताशी पस्तीसने उतरते आहे, आणि डिझेल मात्र थेंबभरही जळत नाही. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, सेन्सर गेला वाटतं. सेन्सर ठणठणीत असतो.

घडतं ते असं. चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललेला असतो, पण गाडी गिअरमध्येच असते. उतारावर घरंगळू पाहणारी चाकं आता गिअरबॉक्समधून उलट्या वाटेने इंजिनाला फिरवू लागतात. इंजिनाचा छोटा संगणक, ज्याला गॅरेजात सगळे ‘ईसीएम’ म्हणतात, दोनच गोष्टी बघतो: पाय वर आहे आणि फेऱ्या आयडलपेक्षा बऱ्याच जास्त आहेत. मग तो इंजेक्टर बंद करून टाकतो. सिलिंडरात नुसती हवा येते, दाबली जाते, बाहेर ढकलली जाते. इंजिनाचा झाला हवेचा पंप. एक्झॉस्ट ब्रेक लावला तर धुराची वाटही झडपेने अडते, पंप फिरवायला आणखी जोर लागतो, आणि तो जोर गाडीच्या वेगातूनच वजा होतो. तेवढा वेळ इंजिन गाडीला ओढत नसतं, उलट गाडीला मागे खेचून धरत असतं, आणि या सेवेचं बिल शून्य.

वीस-पंचवीस गाड्या बाळगणाऱ्या ट्रान्सपोर्टरकडेही आता गाड्यांवर नजर ठेवणारं, म्हणजे फ्लीट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर दिसतं. त्यात दोन रकाने हमखास असतात: एक इंधनाचा, एक सुरक्षेचा. इंधनाचा रकाना हिशेबनीस रोज उघडतो, कारण डिझेल हा या धंद्यातला सगळ्यात बोचणारा खर्च. सुरक्षेचा रकाना बहुतेक वेळा अपघात झाल्यावर उघडला जातो. हे दोन रकाने दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या वेळी वाचावेत यासारखी गफलत नाही, असं माझं मत आहे. घाटातलं ते शून्य इंधनाच्या रकान्यात असलं, तरी बातमी सुरक्षेची देत असतं.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या जवळपास, खोपोली साठ-सत्तर मीटरवर. दहा-बारा किलोमीटरांत गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. चाळीस टन वजन एवढं खाली आणायचं म्हणजे सुमारे २१६ मेगाजूल ऊर्जा मोकळी होते. विजेच्या मापात ६० युनिट. महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट वापरणाऱ्या घराची पंधरा दिवसांची वीज. कोणीच अडवलं नाही आणि घर्षणही नाही असं मानलं, तर पायथ्याशी या ट्रेलरचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या घरात जाईल. टायर आणि हवा आपापला वाटा खातात हे खरं, पण उरलेलं सगळं वीसेक मिनिटांत कुठेतरी जिरवावंच लागतं. जिरवायच्या जागा दोन: एक तो हवेचा पंप, दुसरी ब्रेकचे ड्रम. ड्रमवर सगळा भार पडला तर ते तापतात, तापले की फुगतात आणि लायनरपासून दूर सरकतात. लायनरची पकडही उष्णतेने सैल होते. पेडल खोल जातं, गाडी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘ब्रेक फेल’ छापून येतं. ब्रेक पुष्कळदा शाबूत असतात. त्यांच्याकडून झेपणार नाही एवढं काम करून घेतलेलं असतं.

(मुंबई-पुणे धावणाऱ्या ई-शिवनेरी या विजेवरच्या बसमध्ये हीच ऊर्जा काही अंशी परत मिळते. उतारावर मोटार जनित्र होते आणि बॅटरी भरू लागते, म्हणजे खर्चाचा आकडा शून्याच्याही खाली उतरतो. डिझेल गाडीला ती सोय नाही. जाळलेलं डिझेल टाकीत परत येत नाही.)

आता दुसरी गाडी घ्या. तोच घाट, तेवढंच वजन, फक्त चालकाने माथ्यावर ती न्यूट्रलला टाकली. त्याचा हिशेब कानाचा असतो. गिअरमध्ये उतरताना इंजिन ओरडतं, न्यूट्रलला टाकलं की शांत होतं. शांत इंजिन कमी पितं, हे उघडच वाटतं. पडदा मात्र उलटं सांगतो. न्यूट्रलमध्ये चाकं आणि इंजिन यांचा संबंध तुटलेला असतो, त्यामुळे इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला डिझेल जाळावंच लागतं. मोठं डिझेल इंजिन आयडलला तासाला दोन-तीन लिटर पितं. म्हणजे ओरडणाऱ्या इंजिनाचा खर्च शून्य, आणि शांत इंजिनाने घाटभरात अर्धा-पाऊण लिटर संपवलेलं. शिवाय पंपाचा वाटाही ड्रमवर गेला तो वेगळाच. इंजिन पुरतं बंद केलं तर त्याहून वाईट: ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, पॉवर स्टिअरिंगही त्याच्याच जिवावर.

पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार याच कारणाने महाराष्ट्रभर ठाऊक झाला. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. ब्रेक निकामी झाल्याची चर्चा आधी झाली. नंतर, चालकाने इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केलं होतं असं प्राथमिक तपासात पुढे आल्याच्या बातम्या आल्या. इंधनाचा रकाना आणि सुरक्षेचा रकाना एकाच ओळीत येतात म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

सॉफ्टवेअरला न्यूट्रल कळतं कसं, ही मला या सगळ्यातली सर्वात देखणी गोष्ट वाटते. साध्या गिअरबॉक्सच्या कितीतरी गाड्यांमध्ये कोणता गिअर पडला आहे हे सांगणारं काही नसतं. पण इंजिनाच्या फेऱ्या माहीत असतात आणि गाडीचा वेग माहीत असतो. आडव्या अक्षावर वेग, उभ्या अक्षावर फेऱ्या असा आलेख काढून दिवसभराच्या सगळ्या नोंदींचे ठिपके त्यावर टाकले, तर गोंधळ दिसेल असं वाटतं. प्रत्यक्षात एका बिंदूतून निघालेल्या सरळ रेषांचा पंखा उघडतो. प्रत्येक रेषा एक गिअर, कारण एका गिअरमध्ये फेऱ्या आणि वेग यांचं गुणोत्तर ठरलेलं असतं. आत काय चाललं आहे हे न बघता बाहेरून गिअरबॉक्सचे दाते मोजल्यासारखंच झालं. आणि या पंख्याच्या तळाशी, सहाशे फेऱ्यांच्या आसपास, एक आडवा पट्टा दिसला, ठिपके ताशी साठपर्यंत पसरलेले, तर समजायचं: इथे गाडी न्यूट्रलला धावत होती. त्या ठिपक्यांना वेळ आणि जागा जोडलेली असते. घाट, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं, सगळं लिहिलेलं.

दुसरं एक उपकरण मात्र नेमकं याच वेळी आंधळं होतं. गाडीत बसवलेल्या ट्रॅकिंगच्या डबीत त्वरण मोजणारी एक सिलिकॉनची चिप असते. तिच्यात केसाहून बारीक दात्यांची एक फणी लवचिक आधारावर टांगलेली असते. गाडीने ब्रेक मारला की फणी पुढे सरकते, ती सरक नॅनोमीटरांत मोजावी इतकी, पण तेवढ्याने विद्युत धारिता बदलते आणि आकडा मिळतो. मात्र या चिपला गुरुत्वाकर्षण आणि त्वरण वेगळे ओळखता येत नाहीत. ते कोणालाच येत नाहीत, हे आइन्स्टाइनला १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत सुचलं आणि पुढे त्यातून सापेक्षतेचा व्यापक सिद्धान्त उभा राहिला. घाटात त्याचा अर्थ असा: न्यूट्रलला टाकलेली गाडी उतारावरून मोकळी धावत सुटली, वेग वाढत चालला, तरी त्या चिपला जवळजवळ काहीच जाणवत नाही. तिच्या लेखी गाडी सपाट रस्त्यावर निवांत चाललेली असते. उलट सहा टक्के उतारावर ब्रेक हलकेच धरून एकसारख्या वेगाने जपून उतरणारी गाडी तिला सतत ब्रेक मारल्यासारखी भासते. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर एकट्या चिपवर विसंबत नाही, तिच्या जोडीला उपग्रहावरून मिळालेला वेग घेतं. तो वेगही ‘आधी कुठे होतो, आता कुठे आहे’ असा मोजलेला नसतो. वीस हजार किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या संदेशाची वारंवारता गाडीच्या हालचालीने किंचित बदलते, तो बदल मोजून वेग काढतात, आणि तो गाडीच्या ठिकाणापेक्षाही नेमका असतो.

चालकाला मूर्ख ठरवण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक म्हणजे सौम्य, लांबट उतारावर त्याचा अंदाज बरोबर असतो. तिथे गिअरमध्ये ठेवलेल्या इंजिनाची ओढ गाडीला नको तितकी हळू करते आणि पुढे पुन्हा डिझेल जाळावं लागतं. न्यूट्रलमध्ये गाडी लांबवर घरंगळते. व्होल्वो, स्कॅनिया यांच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये नेमकी हीच युक्ती ‘इको-रोल’सारख्या नावांनी विकली जाते. फरक एवढाच की वेग ठरल्यापेक्षा वाढला की संगणक तत्क्षणी गिअर घालतो. दुसरी गोष्ट पैशाची. अनेक ठिकाणी चालकाला खेपेचा खर्च ठोक दिला जातो, आणि वाचलेलं डिझेल त्याच्या खिशात जातं. अशा व्यवहारात उताराचा माथा दिसला की हात आपोआप गिअरच्या दांड्याकडे जाणारच. त्याला नुसती ताकीद देऊन काय होणार? त्यापेक्षा त्याच्याच गाडीचा आलेख त्याला दाखवला, आणि गिअरमधलं शून्य व न्यूट्रलमधले तासाला अडीच लिटर शेजारी शेजारी ठेवले, तर त्याच्या खिशाचा हिशेबच सुरक्षेच्या बाजूने बोलू लागतो.

इंधनाचे हे आकडे जन्मतात कुठे? इंधन मोजणारा मीटर गाडीत कुठेही बसवलेला नसतो. सहा सिलिंडरांचं इंजिन अठराशे फेऱ्यांवर असताना सेकंदाला ९० वेळा डिझेलचा फवारा मारतं. तासाला ३० लिटरच्या हिशेबाने एका फवाऱ्यात जेमतेम दोन थेंबांएवढं डिझेल. तेही वातावरणाच्या हजार-दीड हजार पट दाबाने, एक-दोन मिलिसेकंदांत. किती दाब होता आणि इंजेक्टर किती वेळ उघडा होता हे ईसीएमलाच ठरवायचं असल्याने किती गेलं तेही त्याला ठाऊक असतं. त्यावरून तो आकडा काढतो आणि गाडीतल्या तारांच्या एका जोडीवर जाहीर करतो. सगळे संगणक एकाच जोडीवर बोलतात ही पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडली, तिचं नाव कॅन बस. मालट्रकांनी तिच्यावर कोणत्या भाषेत बोलायचं हे जे-१९३९ या मानकाने ठरवलं आहे: इंधनाचा दर सेकंदाला दहा वेळा, ०.०५ लिटर प्रति तासाच्या पायऱ्यांत. आठ तासांच्या पाळीत त्या एकाच आकड्याच्या २,८८,००० नोंदी. डबी या सगळ्या पाठवत बसत नाही. मधल्या मधे बेरजा करून काही सेकंदांनी एक गोळाबेरीज सिमकार्डावरून धाडते. दोन सेकंदांचा करकचून मारलेला ब्रेक अशा गोळाबेरजेत विरून जाईल, म्हणून तो ओळखण्याचं काम डबी गाडीतच उरकते आणि ती घटना स्वतंत्र कळवते.

ईसीएमचा आकडा अंदाज आहे, हे विसरू नये. इंजेक्टर झिजला की ईसीएम सांगतो त्यापेक्षा जास्त डिझेल जातं. म्हणून जाणती माणसं टाकी फुल टू फुल करून पंपाच्या पावत्यांवरून अ‍ॅव्हरेज काढतात आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवतात. त्यातलं अंतर महिन्यामागून महिने तेवढंच राहिलं तर चिंता नाही. ते वाढू लागलं तर कुठेतरी झीज आहे, गळती आहे, नाहीतर हात आहेत.

हातांवरून टाकीतल्या सेन्सरकडे येऊ, कारण माणसांमधले सगळ्यात जास्त तंटे तो लावतो. गाडी बंद असताना पातळी अचानक उतरली की मालकाच्या फोनवर डिझेल चोरीचा इशारा वाजतो. गाडी उतारावर तिरकी उभी केली, डिझेल टाकीच्या एका अंगाला गेलं, तरी वाजतो. याहून गमतीची गोष्ट उष्णतेची. डिझेल एक अंश सेल्सिअसला साधारण ०.०८३ टक्के प्रसरण पावतं. उन्हाळ्यात दिवसभर धावलेल्या गाडीत ३०० लिटर आहेत आणि पहाटेपर्यंत ते वीस अंशांनी निवले, तर टाकीतून पाच लिटर ‘गेले’. कोणी काढले नाहीत, सांडले नाहीत. वजन तेवढंच आहे, फक्त डिझेल आकसलं आहे. हळूहळू रात्रभर उतरलेली रेघ आणि चार मिनिटांत उभी कोसळलेली रेघ यांतला फरक आलेखावर लहान मुलालाही दिसेल. पण आलेख उघडायचे कष्ट कोणी घेत नाही. संध्याकाळचा आकडा आणि सकाळचा आकडा पाहून, रात्री केबिनमध्ये झोपलेल्या माणसाला चोर ठरवलं जातं.

आता घाट सोडून सपाटीवर या. चाळीस टनांची गाडी ताशी ६० ने चालली असताना तिच्या अंगात साडेपाच मेगाजूलहून थोडी जास्त गतिज ऊर्जा असते. डिझेलच्या एका लिटरात साधारण ३६ मेगाजूल असतात, त्यातले चांगलं इंजिन फार तर चाळीस टक्के चाकांच्या कामी लावतं. भागाकार केला की कळतं, ती गाडी शून्यापासून साठवर आणायला ०.४ लिटरच्या आसपास डिझेल लागलं होतं. लिटरला नव्वद रुपये धरा. म्हणजे साठच्या वेगात ब्रेक मारून गाडी उभी केली की पस्तीस रुपये ड्रममध्ये उष्णता होऊन गेले. तीनचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी तेवढ्यात सव्वा किलोमीटर गेली असती. तळेगाव-चाकण रस्त्यावर वीस वेळा असं झालं, तर सातशे.

पुढचा सिग्नल लाल आहे हे दोनशे मीटरवरून पाहून पाय उचलणारा चालक यातला मोठा भाग वाचवतो, कारण गाडी ती ऊर्जा वाटचालीत खर्च करते आणि तेवढा वेळ इंजेक्टरही बंद असतात. तोच चालक पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला तरी तिला धडकत नाही. त्याला दोन वेगळी कौशल्यं शिकावी लागलेली नाहीत. इंधनाचा रकाना आणि सुरक्षेचा रकाना दोन्ही मोजतात ते एकच: त्याची नजर रस्त्यावर किती लांबवर होती. एसटीत पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा केलेल्या चालकांचा सत्कार होतो. अशा चालकाच्या शेजारच्या सीटवर बसून पाहावं. तो ब्रेक क्वचितच मारतो.

करकचून ब्रेक म्हणजे किती, याची रेघ प्रत्येक कंपनी आपली आपण आखते. मालट्रकांसाठी ती बहुधा गुरुत्वत्वरणाच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास, म्हणजे एका सेकंदात वेग ताशी बारा किलोमीटरने उतरला तर नोंद. अपघात न होता अशी नोंद झाली तर तिचं मोल काय? अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी १०० मोटारींत कॅमेरे आणि सेन्सर बसवून त्या वर्षभर माणसांच्या रोजच्या वापरात ठेवल्या. २००६ मध्ये त्याचा अहवाल आला. पूर्ण नोंदी मिळालेले अपघात ६९. अगदी थोडक्यात टळलेले ७६१. आणि त्याहून सौम्य, तरी दखल घ्यावी असे प्रसंग ८,२९५. पोलिसांच्या दप्तरात जे येतं ते या डोंगराचं टोकही नाही. अपघात इतके विरळ असतात की पन्नास गाड्यांच्या मालकाला त्यांवरून काहीच शिकता येत नाही. टळलेले अपघात मात्र रोजचे असतात आणि आता ते लिहिले जातात.

लिहिलेलं वाचताना मात्र भले भले चुकतात. समजा, एक चालक भरली गाडी साडेतीनच्या अ‍ॅव्हरेजने चालवतो आणि रिकामी सहाच्या. दुसरा भरलेली ३.३ ने, रिकामी ५.८ ने. पहिला दोन्ही बाबतींत सरस. आता पहिल्याला महिन्यात नऊ हजार किलोमीटर भरलेल्या खेपा आणि एक हजार रिकामी पडली. दुसऱ्याला दोन हजार भरलेली आणि आठ हजार रिकामी. महिनाअखेर यादी निघते: पहिला ३.६५, दुसरा ५.०४. बक्षीस दुसऱ्याला. आकड्यांत कुठेही खोट नाही, सॉफ्टवेअरने चूक केलेली नाही. वजन आणि चढ-उतार यांचे रकाने न जोडता चालकांची क्रमवारी लावणारा अहवाल मी तरी भिंतीवर लावू देणार नाही.

किलोमीटर प्रति लिटर हे मापही फसवं आहे. पाच टनी टेम्पो दहावरून पंधरावर नेला, की मोठा ट्रक तीनवरून चारवर नेला, जास्त डिझेल कशात वाचलं? बहुतेक जण टेम्पो म्हणतात. शंभर किलोमीटरांचा हिशेब मांडा: टेम्पो दहा लिटरवरून ६.७ वर आला, वाचले ३.३. ट्रक ३३.३ वरून पंचवीसवर आला, वाचले ८.३. ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हाच भ्रम दाखवून दिला होता. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ‘लिटर प्रति १०० किलोमीटर’ असा पर्याय असतो. तो निवडला की डोळ्यांवरची ही झापड जाते, आणि गुणवत्ता यादीत तळाला पडलेला जुना ट्रक दुरुस्तीच्या यादीत पहिला येतो.

दोन रकाने एकच गोष्ट सांगतात हे मी आग्रहाने म्हणतो आहे खरं, पण त्यांची फारकत होणाऱ्या जागाही आहेत. सगळ्यात धोकादायक म्हणजे सरळ, सपाट, मोकळा रस्ता. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तिथे पहाटे तीन वाजता धावणाऱ्या गाडीचा इंधनाचा आलेख बघावा: ना ब्रेक, ना गिअर बदल, वेगाची रेघ ताणलेल्या तारेसारखी. अ‍ॅव्हरेज वर्षातलं सर्वोत्तम. आणि केबिनमध्ये चालकाचे डोळे मिटत आलेले. जागा माणूस स्टिअरिंग सतत बारीक बारीक सावरत असतो. पेंगणाऱ्याचे हात आधी स्थिर होतात, मग एकदम मोठा हिसका बसतो. स्टिअरिंगचा सेन्सर असलेल्या गाड्यांत ही खूण पकडता येते, पण तो नसला तरी सुरक्षेच्या रकान्यात एक साधा आकडा असतोच: शेवटची अर्ध्या तासाची विश्रांती घेऊन किती तास झाले. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घालून दिली; ती पाळली जाते की नाही हे इंजिनाच्या चालू-बंद वेळांवरून पाच मिनिटांत कळतं. तेवढी पाच मिनिटं काढणाऱ्या मालकाला मी सलाम करीन. दुसरी फारकत जादा वजनाची. पंधरा टनांच्या जागी वीस टन भरले तर टनामागे डिझेल कमीच लागतं, आणि ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा मात्र वजनाच्या प्रमाणात वाढते.

ब्रेकच्या नोंदीवरून चालकाचा पगार कापायचा, ही कल्पना मला घातक वाटते. रस्त्यावर मूल धावत आलं तर त्याने करकचून ब्रेक मारलाच पाहिजे, आणि त्या क्षणी त्याच्या मनात कापलेले दोनशे रुपये येता कामा नयेत. त्यापेक्षा नोंदी चालकांच्या नावांऐवजी नकाशावर मांडाव्यात. एकाच माणसाचे ठिपके सगळीकडे विखुरलेले दिसले, तर त्याच्याशी बोलावं. पण बारा चालकांचे ठिपके एकाच पुलाच्या उताराशी, एकाच न रंगवलेल्या गतिरोधकापाशी साचलेले असतील, तर दोष रस्त्याचा आहे. त्या जागेचे अक्षांश-रेखांश, वेळा आणि वेगातली घट सॉफ्टवेअर एका तक्त्यात छापून देतं. तो तक्ता रस्ता सांभाळणाऱ्या कार्यालयाला द्यावा, आणि तोवर त्या जागेच्या अलीकडे तीनशे मीटरवर चालकाच्या फोनवर सूचना वाजेल अशी खूण नकाशावर करून ठेवावी; बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते, आणि बहुतेक ऑफिसांत ती वापराविना पडून असते.